अवघड जागेचं दुखणं

गेल्या वर्षी पुण्याजवळच्या एका हौशी सायकल शर्यतीत मी ८० किलोमीटर चालवली. त्यातले शेवटचे २० जवळजवळ उभ्यानेच. पाय दमले नव्हते, श्वासही ठीक होता, फक्त सीटवर टेकता येत नव्हतं. संपल्यावर मैत्रिणींनी विचारलं, "काय गं, गोळा आला का पायात?" मी म्हटलं, "हो ना, गोळाच."

गोळाबिळा काही नव्हता. आपल्याकडे म्हणतात ना, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. माझ्या बाबतीत जावयाच्या जागी सायकलच्या दुकानातला माणूस होता. त्याला मी जमेल तेवढ्या आडवळणाने सांगितलं, "सीट टोचते." तो म्हणाला, "मॅडम, सवय होईल. नाहीतर जेलचं कव्हर टाका." टाकलं. त्रास दुप्पट झाला.

मी दिवसभर कोडमधले बग शोधते. वापरणाऱ्यांपैकी अर्ध्यांना एखादी गोष्ट त्रास देत असेल, तर आम्ही 'सवय होईल' म्हणत नाही (निदान लेखी तरी म्हणत नाही). आधी विचारतो, हे कधीपासून असं आहे? तसंच इथेही मागे मागे जात राहिले, आणि सायकलचा शोध लागण्याच्याही आधी जाऊन पोचले. तिथे भेटल्या बायजाबाई शिंदे.

बायजाबाई म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांची मुलगी, ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांची बायको. नवऱ्यानंतर त्यांनी काही वर्षं राज्य चालवलं. १८३३ मध्ये दत्तक मुलाशी झालेल्या संघर्षात त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. १८३५ मध्ये त्यांचा तळ फत्तेगढला होता, आणि तिथे फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांना भेटायला आली. दोघींच्या गप्पांचा एक विषय होता घोड्यावर बसायचं कसं. इंग्रज बाया तेव्हा दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायच्या, त्यासाठीचं खोगीरही वेगळं असायचं. फॅनीने तसं बसून दाखवलं. ते बघून तळावरच्या मराठी बायकांना गंमत वाटली, कारण त्या कासोटा घालून, घोड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसत. मग फॅनीने मराठी पोशाख घातला, तशी रपेट मारून पाहिली, आणि तिला ती बैठक इतकी पटली की बायकांना एकाच बाजूला बसवण्याची पद्धत आणणाऱ्यांना तिने आपल्या प्रवासवर्णनात नावं ठेवली आहेत.

हे वाचून मला थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण मुद्दा वेगळाच आहे. त्या तळावर 'बाईने कसं बसावं' हा प्रश्न बायकांनीच, स्वतः बसून पाहून सोडवला होता. सायकलच्या बाबतीत असं व्हायला दीडशे वर्षं लागली.

१८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीची 'रोव्हर' आली. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, म्हणजे थोडक्यात आजची सायकल. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या बाया सायकलवर बसल्या. आता मात्र पाय दोन्ही बाजूंना टाकण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टरमंडळी चिंतेत पडली. सीट कुठे घासते, त्याने बाईच्या मनात काय काय येईल, यावर वैद्यकीय नियतकालिकांत लेख आले. तिला दुखतं का, हा प्रश्न बहुतेकांना सुचला नाही.

त्याच काळात 'ख्रिस्टी' नावाची एक सीट बाजारात आली. दोन गाद्या आणि मध्ये मोकळी जागा. तिच्या जाहिरातीत कमरेच्या हाडांचा सांगाडाच छापलेला असायचा, एकदा साध्या सीटवर बसलेला, एकदा ख्रिस्टीवर. म्हणजे बसताना भार कुठल्या हाडांवर यावा आणि कुठे येऊ नये, हे १८९० च्या दशकातच माहीत होतं! मग ते विसरलं कसं गेलं?

माझं उत्तर असं आहे की शर्यत लावणाऱ्या बायाच संपवल्या गेल्या. शिकागोत शिवणकाम करून पोट भरणारी टिली अँडरसन ही मूळची स्वीडनची मुलगी १८९५ पासून ट्रॅकवर भल्याभल्यांना हरवत होती. १९०२ मध्ये अमेरिकेत बायकांच्या शर्यतींवर बंदी आली. पुरुषांची सायकलिंग ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे. बायकांना रस्त्यावरच्या जागतिक स्पर्धेसाठी १९५८ पर्यंत थांबावं लागलं आणि ऑलिंपिकसाठी १९८४ पर्यंत. मधल्या काळात 'लेडीज सीट' म्हणजे बाजारहाटाला जाणाऱ्या बाईची सीट, एवढाच अर्थ उरला. रुंद, मऊ, खाली स्प्रिंगा.

अशी सीट वाईट नसते. पाठ ताठ ठेवून बसलात तर भार मागच्या दोन हाडांवर येतो आणि रुंद सीट तो नीट पेलते. पण शर्यतीत तुम्ही हँडलवर वाकता. कंबर पुढे कलते, भार हाडांवरून सरकून पुढच्या मऊ भागावर येतो. त्यात सीट जाड आणि मऊ असेल तर हाडं तिच्यात रुततात आणि मधला फुगवटा नेमका नको तिथे वर येतो. माझ्या जेल कव्हरने हेच केलं होतं. मराठीत खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी भरताडासाठी वापरतात. कुणीतरी अनुभवानेच पाडला असणार.

हे कोडं पुन्हा हातात घेणारी बाई इंजिनिअर होती, म्हणून मला ती जरा जास्तच आवडते. जॉर्जिना टेरी, मेकॅनिकल इंजिनिअर. १९८५ मध्ये तिने अमेरिकेत बायकांच्या मापाच्या सायकली बनवायची कंपनी काढली. नव्वदच्या दशकात तिच्या कंपनीची मध्ये भोक असलेली सीट खूप चालली. शंभर वर्षांपूर्वीचीच युक्ती, पण या वेळी तक्रार ऐकून घेणारी स्वतः सायकल चालवत होती.

यापुढचा भाग वाचताना मी ऑफिसात एकटीच हसले. मधोमध खाच असलेल्या सीट सगळीकडे कधी दिसू लागल्या? १९९७ च्या सुमारास बॉस्टनच्या एका मूत्ररोगतज्ज्ञाने सांगितलं की अरुंद सीटमुळे पुरुषांना नपुंसकत्व येऊ शकतं, आणि एका मोठ्या सायकल मासिकाने ते छापलं. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्या डॉक्टरांना हाताशी धरून कामाला लागल्या. चला, कुणाच्या का कोंबड्याने होईना.

वरच्या पातळीवरही हे दुखणं झाकलेलंच होतं. रिओ ऑलिंपिकच्या आधी ब्रिटिश संघाने आपल्या सायकलपटूंना सरळ विचारलं आणि मग जखमांवर उपाय शोधायला घर्षणाचा अभ्यास करणाऱ्यांपासून शल्यविशारदांपर्यंत सगळ्यांना एकत्र बसवलं. सीट जवळपास आडवीच हवी असा आंतरराष्ट्रीय नियम होता. तिचं टोक थोडं खाली झुकवलं तर पुढचा भार कमी होतो, हे त्यांनी पटवून दिलं. २०१६ पासून ९ अंशांपर्यंत कल चालतो. त्या वर्षी ब्रिटिश मुलींनी सांघिक पाठलागात सुवर्णपदक मिळवलं. २०१९ मध्ये त्यांच्याच देशाची दिव्यांग सायकलपटू हॅना डाइन्स हिने सीटमुळे झालेल्या इजेवर शस्त्रक्रिया करावी लागल्याचं स्वतःच्या नावानिशी लिहिलं. आपल्याकडे संगमनेरची प्रणिता सोमण आहे, कोल्हापूर जिल्ह्यातली पूजा दानोळे आहे. त्यांच्याबद्दल मी वाचलेल्या बातम्यांत पदकं आहेत, घाट आहेत, आई-वडिलांचे कष्ट आहेत. सीट कुठेच नाही. पत्रकार विचारणार तरी कसा, आणि मुलगी सांगणार तरी कशी? मी स्वतः 'गोळा आला' म्हणून मोकळी झाले होते.

शेवटी मी माझ्या हाडांमधलं अंतर मोजलं, त्याप्रमाणे कडक, आखूड, मध्ये खाच असलेली सीट घेतली आणि टोक दोन अंश खाली केलं. तिसऱ्या रविवारी ८० किलोमीटर बसून झाले.

दिवाळीत उमापूरला गेले. माझी चुलत बहीण नववीत आहे. तिला शाळेतून मिळालेली सायकल आहे, आणि शाळेच्या स्पर्धेसाठी ती गेवराई रस्त्यावर सराव करते. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, बसलं की दुखतंय. आईला नको सांगू." मी किराणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, ओट्यावर ठेवला आणि तिला त्यावर गुडघे वर घेऊन, वाकून बसायला लावलं. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसले. पट्टी लावली, साडेअकरा सेंटीमीटर. तिच्या सीटची रुंदी त्याच्या जवळपास दुप्पट होती आणि टोक वर उचललेलं.

एवढ्यात काकू आल्या. "काय चाललंय गं दोघींचं?" बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं, सगळं, आडवळण न घेता. काकू थोडा वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला बी शाळेत असताना असंच व्हायचं. म्हनून तर सोडली सायकल."

आणि पान्हा शोधायला आत गेल्या.