यवतमाळकडील ‘प्रेस’

इंग्रजी शिकणाऱ्या मुलानें ‘प्रेस’ या शब्दाचा अर्थ विचारला, म्हणजे शिक्षक बहुधा ‘छापखाना’ असें सांगून मोकळे होतात. यवतमाळ, वणी किंवा पांढरकवडा येथील मुलाचें तेवढ्यानें समाधान व्हावयाचें नाहीं. सरकी काढलेली रुई दाबून जेथें गाठी बांधतात, त्या कारखान्यालाहि तो लहानपणापासून ‘प्रेस’ म्हणतांना ऐकत आलेला असतो.

मूळ अर्थ दाबणें एवढाच. पंधराव्या शतकांत युरोपांत मुद्रणयंत्र निघालें तें द्राक्षें पिळण्याच्या यंत्राच्या धर्तीवर. म्हणून त्यासहि तेंच नांव पडलें. मग वृत्तपत्रें, आणि अखेर त्यांत लिहिणारीं माणसेंहि त्या नांवांत आलीं. परटाची इस्त्री तरी आपण कोठें सोडली?

छपाईपुरता हा शब्द मराठीनें सहज परतविला. १८३२ सालीं ‘दर्पण’ निघालें, तेव्हां आपल्याकडे आगगाडी नव्हती. छपाई आधीं आली, आणि तिला ‘छापखाना’ हें घरगुती नांव लाभलें. कापसाची गोष्ट निराळी. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. पुढें अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीनें लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि इकडच्या कापसास एकाएकीं मोल आलें. मोकळी रुई वजनाला थोडी व जागेला फार. ती दाबल्यावांचून आगबोटीचें भाडें परवडेना. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुर्तिजापुराहून यवतमाळास अरुंद रुळांची गाडी आली, तीहि मुख्यतः कापसासाठींच.

पेरणी, डवरणी, वेचणी, बोंड, सरकी हे सारे शब्द कास्तकाराचे. कारखान्याच्या फाटकापासून मात्र ‘जिनिंग’ आणि ‘प्रेसिंग’ सुरू होतें. ‘दाबखाना’ म्हणावयास काय हरकत होती? पण भाव मुंबईस व लिव्हरपुलास ठरत होता. माल ज्याच्या हातीं गेला, त्याची भाषाहि मालाबरोबर गेली, असें आम्हांस वाटतें. देशी शेठजींनीं कारखाने काढले, तरी शब्द बदलला नाहीं.

१९१० च्या प्रेस ॲक्टानें छापखान्यांकडून जामीन मागण्यास आरंभ झाला. ‘प्रेस’वर सरकारची नजर आहे, एवढेंच ऐकून एखाद्या कास्तकारास कापसाची धास्ती वाटली असती, तर त्याला हंसण्याचें कारण नव्हतें. तो कायदा चालू असतांनाच, १९१८ सालीं, बापूजी अण्यांनीं यवतमाळास ‘लोकमत’ साप्ताहिक काढलें, आणि शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच गांवांत शेजारीं नांदूं लागले.

आज तेथें मोटारसायकलीवर ‘प्रेस’ अशीं अक्षरें दिसतात, आणि तिच्या शेजारून कापसाची गाडी दुसऱ्या प्रेसकडे जाते. तेथें भाव पडला, म्हणजे कास्तकार आपलें गाऱ्हाणें या पहिल्या प्रेसकडे घेऊन येतो.