विमानतळाकडचे दोन रस्ते

कोलकात्यात मी पहिल्यांदा उतरले ती हावडा स्टेशनवर. जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकायला आले होते. गीतांजली एक्स्प्रेसच्या दीड दिवसाच्या प्रवासानंतर स्टेशनसमोरच हुगळीचा घाट, आणि किरकोळ तिकिटात पलीकडे नेणारी लाँच. पाट्या, सायकली, ऑफिसला निघालेले बाबू आणि माझी ट्रंक, सगळे एकाच फळीवरून चढलो. पुढे अनुवादाच्या कामासाठी विमानाने येऊ लागले, तेव्हा फरक जाणवला. स्टेशनातला माणूस गर्दीबरोबर शहरात शिरतो. विमानतळावरचा काच वर केलेल्या पिवळ्या टॅक्सीतून, एकटा.

हा एकटेपणा काही आपोआप आलेला नाही. त्याचा इतिहास दमदमच्या दोन रस्त्यांत सापडतो.

दमदम ही मुळात इंग्रजांची लष्करी छावणी. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्याने ‘दमदम बुलेट’ला नाव दिले. तिथे विमाने उतरू लागली, तेव्हा शहराकडे यायला जुना जशोर रोड होता. हा रस्ता आज बांगलादेशात असलेल्या जशोरपर्यंत जाणारा. फाळणीनंतर दमदमच्या आसपास निर्वासितांच्या वसाहती वसल्या. १९७१ साली याच रस्त्याने लाखो माणसे सीमा ओलांडून पायी आली. बंगालीतून मराठीत आणताना या नावापाशी मी नेहमी अडखळते. ‘जशोर रोड’ एवढे लिहिले, तर मराठी वाचकाला तो फक्त पत्ता वाटतो. बंगाली वाचकाला त्यात सुटलेले घर ऐकू येते.

साठच्या दशकात उल्टाडांग्याहून विमानतळाकडे दुसरा, रुंद रस्ता झाला. जशोर रोडची दाटी टाळणारा. लोकांनी त्याला नाव दिले व्हीआयपी रोड, आणि तेच टिकले. कागदोपत्री तो काजी नजरूल इस्लाम सरणी आहे. ‘विद्रोही’ लिहिणाऱ्या कवीचे नाव पाटीवर, आणि कंडक्टरच्या तोंडी मात्र ‘व्हीआयपी’. १९७२ साली आजारी नजरूलना ढाक्याला नेण्यात आले. त्यांचे दफनही तिथेच झाले. त्यांच्या नावाचा रस्ता इकडे राहिला.

म्हणजे पायी आलेल्यांचा एक रस्ता आणि विमानाने आलेल्यांचा दुसरा. बसगाड्या दोन्हींवर धावत होत्या, पण सामान घेऊन त्यांत चढायचे, तर थांब्यांची माहिती हवी. जशोर रोडवर ‘एअरपोर्ट एक नंबर गेट’ आहे, तसे ‘अडीच नंबर गेट’ही आहे. दोन आणि तीनच्या मधले हे गेट परक्या पाहुण्याला कोण समजावणार? तो निमूट टॅक्सीच्या रांगेत उभा राहायचा.

रेल्वेने एकदा प्रयत्न करून पाहिला. २००६ साली दमदम कॅन्टोन्मेंटहून फाटा काढून ‘बिमान बंदर’ स्टेशनापर्यंत लोकल नेली. मी एकदा तिने गेले आहे. डबा जवळजवळ रिकामा होता. गाड्याच इतक्या मोजक्या, की विमानाची वेळ आणि लोकलची वेळ जुळणे हा योगायोग. २०१६ साली तो फाटा बंद झाला. रूळ टाकले म्हणजे सोय झाली असे नाही. गाडी माणसाच्या वेळेला यावी लागते.

भारतातली पहिली मेट्रो कोलकात्यातच, १९८४ साली एस्प्लनेड ते भवानीपूर धावली. विमानतळ गाठायला तिला २२ ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला. दिल्लीत हे २०११ साली झाले, मुंबईची भूमिगत मेट्रो २०२४ साली विमानतळाला लागली. आता ‘जय हिंद’ स्टेशनात बसायचे, नोआपाड्याला गाडी बदलायची आणि एस्प्लनेडला किंवा पार्क स्ट्रीटला उतरायचे. सदर स्ट्रीटची स्वस्त हॉटेले तिथून पायी जाण्याइतकी जवळ. शेवटच्या गाडीनंतर विमान उतरले, तर मात्र पुन्हा टॅक्सीच.

गेल्या खेपेला मी मेट्रोने आले. डब्यात माझ्यासारखे बॅगवाले थोडेच. बाकी सगळे पाळी संपवून घरी निघालेले: सुरक्षारक्षक, सफाईवाल्या बायका, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरे. विमानतळाची वाहतूक म्हटले की आपण प्रवाशाचाच विचार करतो. पण प्रवासी वर्षातून एकदा-दोनदा येणार, ही माणसे रोज येणार. या फलाटांवर त्यांचा हक्क माझ्याआधीचा.

नव्या मार्गावर ‘जय हिंद’नंतर पहिले स्टेशन लागते, त्याचे नाव जशोर रोड. उद्घोषणा झाली आणि दारापाशी उभ्या असलेल्या बाईने मला विचारले, “नामबेन?” उतरायचंय का? मी मान हलवली आणि बाजूला सरकून तिला वाट दिली.