विद्यार्थी खेळाडू व त्यांचे आश्रयदाते

खेळाचा इतिहास म्हणजे जयापजयांची जंत्री, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. कोणत्या संघानें कोणता चषक जिंकला हें घरोघरच्या मुलांना तोंडपाठ असतें. परंतु तो जिंकणारा माणूस त्या संघांत आला कोठून, त्याला तेथें कोणीं व कशाच्या मोबदल्यांत आणलें, आणि पाय थकल्यावर त्याचें काय झालें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. जळगांव-धुळ्याकडील सुशिक्षित कुटुंबांत मात्र हा शेवटचा प्रश्नच सर्वांत आधीं विचारला जातो. मुलगा कॉलेजच्या संघांत खेळतो याचें कौतुक होतें. परीक्षा जवळ आली कीं त्याचे बूट माळ्यावर जातात. या सावधपणास कोणी कोतेपणा म्हणतील. आम्हांस तो तसा वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं हें, परदेशांतून शिकावयास येऊन धंदेवाईक फुटबॉलच्या हातीं लागलेल्या कांहीं तरुणांच्या हकीकतीवरून सांगतां येईल.

या हकीकतींत पहिला मान अलीगढच्या इराणी विद्यार्थ्यांचा आहे. १९७० नंतरच्या दशकांत इराणांतून पुष्कळ तरुण शिक्षणासाठीं भारतांत येत. पुण्यांतही त्यांची वस्ती बरीच होती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठांत आलेल्यांपैकीं मजीद बिश्कर, जमशीद नस्सिरी व महमूद खबाजी हे तिघे उत्तम फुटबॉल खेळत. १९८० सालीं कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबावर मोठाच प्रसंग गुदरला. त्याचे अनेक नामांकित खेळाडू एकाच हंगामांत त्याला सोडून गेले, आणि त्यांतील कित्येक मोहमेडन स्पोर्टिंगला जाऊन मिळाले. अशा वेळीं घर रिकामें पडलेल्या त्या क्लबानें अलीगढकडे हात पुढें केला, आणि विद्यापीठाच्या मैदानावर खेळणारे हे तरुण एकाएकीं कलकत्त्याच्या त्या खवळलेल्या प्रेक्षकसागरापुढें येऊन उभे राहिले. प्रदीपकुमार बॅनर्जी हे संघाचे गुरु होते. मोडकळीस आलेला म्हणून ज्याची कींव केली जात होती, त्या संघानें त्याच वर्षीं फेडरेशन चषक मोहन बागानबरोबर, व मुंबईचा रोव्हर्स चषक मोहमेडन स्पोर्टिंगबरोबर विभागून घेतला. कलकत्त्याहून मुंबईस येणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही वाटा, नागपुरावरची व अलाहाबादेवरची, आमच्या भुसावळास एक होतात; खानदेशाचा या वैभवाशीं संबंध असलाच तर एवढाच.

मजीदचा खेळ पाहिलेले लोक भारतांत आलेल्या परदेशी खेळाडूंत आजही त्यालाच अग्रस्थान देतात. परंतु आम्हांस त्याच्या गोलांहून त्याच्या परिस्थितीचें अधिक नवल वाटतें. १९७९ मध्यें त्याच्या देशांत राज्यक्रांति झाली. १९८० च्या सप्टेंबरांत इराकशीं युद्ध पेटलें, आणि पुढच्याच महिन्यांत खोर्रमशहर, म्हणजे त्याचें स्वतःचें गांव, शत्रूच्या हातीं गेलें. जो मुलगा पदवी घेऊन घरीं परतावयाचा, त्याचें घरच युद्धाच्या आगींत सांपडलें. अलीगढही मागें राहिलें. उरला तो एक क्लब आणि त्याचे भक्त. कलकत्त्यांत त्या काळीं खेळाडूंचा व्यवहार हंगामापुरता असे. दर वर्षीं नवी बोली व नवी ओढाताण. गर्दीचें प्रेम तर त्याहूनही अल्पायुषी. कांहीं हंगामांनंतर मजीद मोहमेडन स्पोर्टिंगकडे गेला, त्याच्या खेळाची धार बोथट होत गेली, आणि अखेर तो मायदेशीं निघून गेला. त्यानंतर तीन दशकें कलकत्त्यास तो केवळ एक आख्यायिका होऊन राहिला होता. ऑगस्ट १९१९ नव्हे, तर थेट ऑगस्ट २०१९ मध्यें, क्लबाच्या शताब्दीच्या निमित्तानें, तो पुन्हा त्या शहरांत आला, तेव्हां ज्यांनीं त्याला कधीं खेळतांना पाहिलें नव्हतें असे तरुणही त्याच्या दर्शनास लोटले.

जमशीदचें दैव निराळें. तो कलकत्त्यासच राहिला, तेथें त्यानें संसार थाटला. २९ जानेवारी २०२२ रोजीं गोव्यांत मडगांवच्या फातोर्डा मैदानावर त्याचा मुलगा कियान यानें मोहन बागानच्या बाजूनें ईस्ट बंगालवर, म्हणजे बापाच्याच जुन्या क्लबावर, तीन गोल चढविले. असें काव्य इतिहासांत क्वचितच सांपडतें. याच वाटेनें पुढें नायजेरियाचा चिमा ओकोरी हा शिक्षणासाठीं येऊन कलकत्त्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांतून खेळला, व डेन्मार्क-इंग्लंडपर्यंत पोहोंचला. परंतु त्याच्यासारखी छाती सर्वांची नसते.

आतां याच्या शेजारीं एक जुनें उदाहरण ठेवून पाहूं. तें फुटबॉलचें नव्हे, क्रिकेटचें आहे. परंतु आमच्या उंबरठ्याबाहेरचेंच आहे. धुळ्याहून आग्रा रोडनें शिरपूर मागें टाकून सातपुडा ओलांडला, नर्मदा उतरली, कीं महू व इंदूर लागतात. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी कोट्टारी कनकय्या नायडू यांना होळकर महाराजांनीं १९२३ सालीं याच इंदुरास बोलावून नेलें व आपल्या फौजेंत कॅप्टनचा हुद्दा दिला. फलंदाजीच्या गुणावर लष्करी हुद्दा देणें ही एका परीनें थट्टाच होय, आणि तिचा खर्च रयतेच्या सारावसुलींतून होत असे, हेंही विसरूं नये. तथापि त्या थट्टेंत एक शहाणपण होतें. खेळाडूस खेळाचा पैसा न देतां नोकरी दिली, म्हणजे खेळ संपल्यावरही त्याच्या घरची चूल पेटत राहते. पुढें तेथें सागरचे चंदू सरवटे आले, मुंबईकडचे खंडू रांगणेकर आले. मुश्ताक अली तर इंदूरचेच. महायुद्धांत महूच्या छावणींत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन हाही १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध होळकरांकडून खेळला व २४९ धावा करून नाबाद राहिला. सामना मात्र मुंबईनेंच जिंकला. होळकर संघ दहा वेळां अंतिम सामन्यांत पोहोंचला व चार वेळां विजयी झाला. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, १९५४-५५ च्या हंगामानंतर संघही मिटला, आणि त्या प्रांतास पुन्हा रणजी चषक पाहण्यासाठीं २०२२ उजाडावें लागलें. संघ गेला, परंतु नायडू १९६७ मध्यें वारले ते इंदुरांतच, मानानें. संस्थानें गेल्यावर ती रीत रेल्वेनें उचलली. खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीस लागणें म्हणजे काय, हें भुसावळच्या वाचकांस आम्हीं समजावून सांगावयास नको.

महाविद्यालयांतून खेळाडू वेंचण्याचें काम सर्वांत शिस्तीनें चालतें तें अमेरिकेंत. तेथील व्यावसायिक फुटबॉलचे संघ दर वर्षीं विद्यापीठांच्या खेळाडूंतून पाळीपाळीनें निवड करीत आले आहेत; साधारणपणें दुबळ्या संघास आधीं पाळी, असा नियम. यांत परदेशी विद्यार्थीही असतात. २०१५ मध्यें पहिल्या क्रमांकानें निवडला गेलेला साइल लॅरिन हा कॅनडाचा असून कनेक्टिकट विद्यापीठांत शिकत होता. २०१६ मधील पहिला जॅक हॅरिसन हा इंग्रज, वेक फॉरेस्टचा विद्यार्थी. शिकागोनें त्याला निवडलें आणि त्याच दिवशीं न्यूयॉर्कच्या संघास देऊन टाकलें! बाजार तो बाजारच. परंतु पदवीआधींच उचललेल्या होतकरू खेळाडूंसाठीं तेथें जी खास योजना आहे, तिच्या करारांत राहिलेल्या शिक्षणाच्या खर्चाची तरतूद केलेली असते. पाय मोडला, निवड चुकली, तर मुलानें पुन्हा वर्गांत जाऊन बसावें म्हणून. धुळ्याच्या एखाद्या बापाच्या हातीं तो करार पडला, तर पगाराचा आंकडा पाहण्यापूर्वीं तो तेंच कलम शोधील.