गळाच्या दोरीचें माप : केंस, अक्षर व अंक

परगण्यापरगण्याच्या मणांत व कोसांत किती अंतर असे, आणि त्यामुळें जुन्या कागदांचा वाचक किती वेळां फसतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. नांव तेंच राहतें व त्याखालचा पदार्थ बदलतो. हाच प्रकार एका वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूच्या बाबतींत, म्हणजे विलायतेंतील व अमेरिकेंतील ट्राऊट मासा धरण्याच्या दोरीच्या बाबतींत, कसा घडला हें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. लहान ओढ्यावर हलक्या काठीस कोणती दोरी लावावी, तीन अंकाची कीं चार अंकाची, असा प्रश्न तिकडील शौकी लोक एकमेकांस नित्य विचारतात. हा अंक नेमकें काय मोजतो हें ठरल्याखेरीज त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

विषय परका असला तरी विद्या परकी नव्हे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे, व माशांच्या जाती आणि त्यांस रुचणारें आमिष यांचा त्यांत तपशिलानें विचार केला आहे. ट्राऊट मात्र थंड पाण्याचा मासा. आमच्या सह्याद्रीच्या ओढ्यांत तो नाहीं. काश्मीरांत तो आहे, पण तोहि १९०० च्या सुमारास विलायतेहून आणलेल्या अंड्यांपासून झालेला.

सामान्य गळांत शिसें किंवा आमिष जड असतें. तें फेंकलें म्हणजे दोरी त्याच्या मागोमाग जाते. ट्राऊटसाठीं पिसें व रेशीम बांधून केलेली कृत्रिम माशी वापरतात. तिला वजन म्हणून नाहींच. येथें फेंकली जाते ती दोरी, आणि माशी तिच्या शेंवटीं जाते. काठी वांकते ती दोरीच्या भारानें, व ती सरळ होतांना दोरी पुढें उलगडते. भार कमी पडला तर काठी वांकत नाहीं; अधिक झाला तर ती दबते, आणि दोरी पाण्यावर आदळून मासा पळतो. सर्व प्रश्न या भाराचा आहे.

असें असतां पहिल्या चारशें वर्षांत भार कोणी मोजलाच नाहीं, ही गोष्ट आम्हांस मोठी लक्षांत ठेवण्याजोगी वाटते. १४९६ सालीं वेस्टमिन्स्टरास विंकिन द वर्ड यानें छापलेल्या गळाच्या प्रबंधांत (तो जुलिआना बर्नर्स नांवाच्या बाईचा म्हणून सांगतात, पुरावा कच्चा आहे) दोरी घोड्याच्या शेपटीच्या केंसांची सांगितली असून माशापरत्वें केंसांची संख्या दिली आहे : ट्राऊटला नऊ, मोठ्या ट्राऊटला बारा, सामन माशाला पंधरा. ही संख्या भाराची नव्हे, बळाची आहे. मासा ओढील तेव्हां दोरी तुटूं नये, एवढाच तिचा अर्थ. तेव्हां काठीस चक्री नसे. दोरी काठीच्या शेंड्यासच बांधीत. वाल्टनच्या १६५३ च्या प्रसिद्ध ग्रंथास १६७६ सालीं चार्ल्स कॉटन यानें दुसरा भाग जोडला, त्यांत माशीजवळ दोनच केंस ठेवावे व शेंड्याकडे ते क्रमानें वाढवीत न्यावे असें आहे. निमुळती दोरी ती हीच. डव्ह नदीच्या निर्मळ पाण्यांत जाड दोरी मासा ओळखतो, म्हणून ही युक्ति. तथापि गणना केंसांचीच राहिली.

पुढें एकोणिसाव्या शतकांत जवसाच्या तेलांत मुरविलेल्या विणीव रेशमी दोरीनें केंस मागें टाकले. रेशीम जड, वीण सारखी, व चक्रीवरून हवें तितकें सोडतां येई. आतां माप आलें तें जाडीचें, व त्यास अक्षरांची खूण ठरली. ए म्हणजे इंचाचा ०.०६०, बी म्हणजे ०.०५५, याप्रमाणें पांच पांच सहस्रांशांनीं उतरत एच म्हणजे ०.०२५ व आय म्हणजे ०.०२०. 'एच-डी-एच' असें लिहिलें असेल तर दोन्ही टोंकें ०.०२५ व मधला भाग ०.०४५ इंच जाडीचा समजावा. काठी करणाराहि वेताच्या काठीवर तींच अक्षरें लिही. जोंवर सर्व दोऱ्या रेशमाच्या होत्या, तोंवर जाडी सांगितली कीं वजन आपोआप सांगितलें जाई. मापाचा हा गुण त्याच्या स्वतःचा नव्हता, रेशमाचा होता. पण हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, आणि येण्याचें कारणहि नव्हतें.

कारण दुसऱ्या महायुद्धानंतर पडलें. १९३८ सालीं जाहीर झालेलें नायलॉन दोऱ्यांत आलें. रेशीम पाण्याच्या सुमारें १.३ पट जड, तर नायलॉन १.१४ पट, म्हणजे त्याच जाडीची दोरी आठव्या हिश्श्यानें हलकी. लोकांनीं आपल्या जुन्या काठीवरचें अक्षर पाहून तेंच अक्षर असलेली नायलॉनची दोरी घेतली, व काठी वांकेना. उलट पाण्यांत बुडणाऱ्या जड धाग्याची दोरी घेतली तर तीच काठी दबूं लागली. पुढें प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या आल्या, आणि जाडी व वजन यांचा उरलासुरला संबंधहि सुटला. काठी निर्दोष, दोरी निर्दोष. खोटें पडलें होतें अक्षर. आमच्या मतें या सर्व इतिहासांतला शिकण्याजोगा भाग हाच आहे, कारण तें अक्षर कोणी बदललें नव्हतें.

१९६१ सालीं अमेरिकेंतील मासेमारीचें सामान करणाऱ्यांच्या संघानें जाडी सोडून वजन धरलें. टोंकाचा सारख्या जाडीचा तुकडा वगळून पुढील ३० फुटांचें वजन ग्रेनांत घ्यावें, व त्यावरून अंक द्यावा, असा ठराव झाला. दोन अंकास ८० ग्रेन, तिनास १००, चारास १२०, पांचास १४०, सहास १६०. तिनाच्या दोरींत सहा ग्रेन कमीअधिक चालतात. आपल्याकडील जुना तोळा १८० ग्रेनांचा व गुंजा त्यांत ९६, हें धरून हिशेब केला तर चार अंकाची ३० फूट दोरी बरोबर आठ मासे भरते. तिनाची सहा मासे पांच गुंजांहून किंचित् अधिक. एक अंक म्हणजे अकरा गुंजांच्या आंत. जुन्या काठीवर एच-डी-एच असेल तर तिला साधारणतः पांच किंवा सहा अंकाची दोरी लागते, हेंहि येथें नमूद करून ठेवतों.

आतां मूळ प्रश्न. अंक ३० फुटांचा आहे, आणि लहान ओढ्यावर ३० फूट दोरी बाहेर पडतच नाहीं. झाडें वर झुकलेलीं, डोह हातभर. फेंक पंधरा फुटांची. स्कॉटलंडांतील स्टुअर्ट यानें १८५७ च्या आपल्या पुस्तकांत आंखूड दोरीनें प्रवाहाच्या उलट दिशेस मारीत जाण्याचा जो पुरस्कार केला, तोहि अशाच पाण्यांकरितां. पंधरा फुटांत तीन अंकाच्या दोरीचा भार फार तर ५० ग्रेन, आणि पुढचा भाग निमुळता म्हणून प्रत्यक्षांत त्याहून कमीच. म्हणून तिनाच्या काठीवर चाराची दोरी लावण्याची जी चाल आहे ती निराधार नाहीं. पण हिशेब पाहा : चारानें ५० चे ६० होतात, पांचानें ७०. काठीस शंभर पोंचविण्याचा हा मार्ग नव्हे, आणि जाड दोरीची सांवली मात्र पदरांत पडते.

याचें कारण असें कीं १९६१ चा ठराव दोरीपुरता आहे. काठीवरचा अंक मोजलेला नाहीं. तो करणाऱ्याचा अभिप्राय आहे. एकाची तीन अंकाची काठी दुसऱ्याच्या चाराइतकी ताठ असूं शकते. जोडींतलें एकच अंग मापलें गेलें, व दुसऱ्यावर त्याच मापाचें चिन्ह उमटविलें गेलें. तेव्हां लहान ओढ्यावर जाणाऱ्यानें अंक शोधण्याआधीं मऊ काठी शोधावी, जी १५ फूट दोरीनेंच वांकेल. तिला तीन अंकाची दोरी पुरते. काठी ताठच असेल व बदलणें नसेल, तर खळखळत्या पाण्यावर चाराची लावावी, कारण तेथें दोरीचा आघात व सांवली लपते. संथ व उथळ डोहावर तिनाचीच ठेवावी. कांहीं जण अद्यापि रेशमी दोरी वापरतात. ती त्याच वजनास बारीक पडते, म्हणून पाण्यावर हलकी उतरते. रोज वाळवावी लागते, चरबी चोळावी लागते, व ती विकत घेतांना दुकानदारानें अंक सांगितला कीं अक्षर, हें विचारून घ्यावें लागतें.