तंजावरचे बाळबोध अक्षर

१४५५ च्या सुमाराला गुटेनबर्गने बायबल छापले. त्यातली अक्षरे गॉथिक वळणाची, उभट, अरुंद, परेडच्या रांगेसारखी खेटून उभी. कमी जागेत जास्त मजकूर बसे. आपल्या अक्षराला ती रांग सहज जमत नाही. डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, मध्ये जोडाक्षरे. त्यामुळे छापायचे तर शेकडो खिळे लागतात.

तरीही तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी तेच निवडले. दप्तर मोडीत चाले. पण १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरला गेला, तो बाळबोध लिपीत. १८०५ मध्ये राजवाड्यात छापखाना निघाला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींची ‘बाळबोध मुक्तावली’ छापली गेली, तीही बाळबोधच.

मोडी झपाझप लिहिण्यासाठी, बाळबोध अनोळखी वाचकासाठी, असे मी मानतो. आज शाळकरी पोरही त्या भिंतीवरची अक्षरे लावू शकते. सरस्वती महालातल्या मोडी कागदांना मात्र जाणकार लागतो. ते जाणकार कमी होत आहेत. म्हणून सांगतो, घरातल्या एकाने तरी मोडी शिका. नाहीतर भिंत बोलेल, दप्तर मुके राहील.