रामसेजच्या तोफा आणि हत्यारांची निगा

नाशिकच्या उत्तरेस चार-पांच कोसांवर, दिंडोरी तालुक्यांतील आशेवाडी गांवाच्या माथ्यावर रामसेज नांवाचा किल्ला आहे. सह्याद्रींतील इतर दुर्गांच्या मानानें तो फारसा उंच नाहीं आणि फारसा दुर्गमहि नाहीं. १६८२ सालीं औरंगजेबाच्या फौजेनें त्याला वेढा घातला तेव्हां तो चार दिवसांत हातीं येईल अशीच बादशाही सरदारांची समजूत असली पाहिजे. प्रत्यक्षांत प्रथम शहाबुद्दीनखान आणि मागून खानजहान बहादूर कोकलताश असे दोन नामांकित सरदार त्याच्या पायथ्याशीं हात टेकून बसले. हा प्रसंग खाफीखानानें आपल्या फारसी इतिहासांत सांगितला आहे. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनीं झाडांचीं खोडें पोखरलीं, त्यांवर चामडें मढविलें आणि त्यांच्याच तोफा केल्या. अशी एकेक तोफ दहा तोफांचें काम करी, असें तो लिहितो. शत्रुपक्षाच्या लेखकानें हें लिहावें यांतच त्याची किंमत आहे.

ही हकीकत महाराष्ट्रांत मोठ्या अभिमानानें सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु लांकडाची तोफ एकदां उडाली एवढ्यानें किल्ला राखला जात नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं उडाली पाहिजे, आणि ज्येष्ठ-आषाढाच्या झडींतहि उडाली पाहिजे. पोखरलेलें खोड दारूच्या भडक्यानें आंतून जळत जातें, आणि त्याला उभी चीर पडली कीं पुढला बार शत्रूपेक्षां गोलंदाजालाच घातक. चामड्याचा उपयोग येथेंच होतो. ओलें कातडें ताणून बसविलें म्हणजे वाळतांना तें आवळतें आणि खोडाला कवेंत घट्ट धरून ठेवतें. मात्र तेंच कातडें पावसांत पुन्हां भिजलें कीं सैल पडतें. म्हणजे ही तोफ एकदां करून ठेवण्याची वस्तु नव्हे. तिला झांकावें, सुकवावें, तपासावें आणि चीर दिसतांच टाकून नवें खोड घ्यावें लागणार. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ यानेंहि १६२० नंतरच्या दशकांत तांब्याच्या पातळ नळीवर दोर गुंडाळून वर चामडें चढविलेल्या हलक्या तोफा वापरून पाहिल्या. त्या थोड्याच बारांत तापत आणि भरवशाच्या ठरत नसत. म्हणून कांहीं वर्षांतच त्या मागें पडल्या. कारखाने आणि कसबी ओतारी हाताशीं असलेल्या राजाला जें साधलें नाहीं तें रामसेजच्या मावळ्यांना कसें साधलें, हा प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा आहे.

त्याचें उत्तर त्या काळच्या हत्यारांच्या रचनेंतच शोधावें लागतें. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचें मिश्रण. त्यांत सोरा सुमारें तीन चतुर्थांश. सोरा नीट शुद्ध केलेला नसला कीं तो हवेंतील ओल ओढून घेतो आणि दारूचा लगदा होतो. शिवाय ही दारू पेटल्यावर तिचा सगळा भाग धूर होऊन निघून जात नाहीं. कांहीं भाग काजळीच्या रूपानें नळींतच चिकटतो. ही काजळीहि पाणी शोषते आणि एका रात्रींत लोखंडाला गंज चढविते. तोफेच्या मागल्या अंगास जें बारीक छिद्र असतें त्याला काना म्हणत. कान्यांत काजळी बसली कीं वर टाकलेली बारीक दारू नुसती फुरफुरते, आणि आंतला बार तसाच राहतो. शत्रूची तोफ निकामी करावयाची तर तिच्या कान्यांत मेख ठोकीत. पण मेख न ठोकतांहि नुसत्या आळसानें तेंच काम होई. फुसका बार हा शब्द मराठींत थट्टेचा झाला आहे. ज्याच्या हातांतील बार ऐन वेळीं फुसका गेला त्याला मात्र ती थट्टा वाटली नसावी.

मराठी राज्याच्या कारभाऱ्यांना हें पुरतें ठाऊक होतें, याचा पुरावा आज्ञापत्रांत आहे. रामचंद्रपंत अमात्यांनीं कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दींत, १७१५ च्या सुमारास, हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील दुर्गप्रकरणांत पराक्रमाच्या गोष्टी थोड्या आणि हवालदारानें करावयाचीं कामें पुष्कळ. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा. तळघर गच्च करून आंत माच घालावा आणि दारूचीं मडकीं त्या माचावर ठेवावीं. सर्दी लागूं देऊं नये. दर आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावे, त्यांना ऊन दाखवावें आणि पुन्हां मोहर करून ठेवावें. पावसाळ्यांत तोफांना तेल-मेण द्यावें आणि कान्यांत मेण भरून तीं छिद्रें बंद करावीं. तोफेजवळ गज, कुंचे, तोडे, जामग्या हें सामान भरपूर असावें, हेंहि सांगावयास अमात्य विसरले नाहींत. मोहर करण्याची अट तर फारच मार्मिक आहे. दारू कोणी उघडली आणि केव्हां उघडली, याचा जाब देणारा एक माणूस तीमुळें नक्की होतो.

आज्ञापत्र रामसेजच्या वेढ्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनीं लिहिलें गेलें. पण असले नियम कोणी बसल्या जागीं कल्पनेनें करीत नाहीं. भिजलेल्या दारूचा आणि गंजलेल्या कान्यांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतल्यावरच ते सुचतात. रामसेजच्या लोकांनीं वेढ्यांतच लागोपाठ पावसाळे काढले. त्या काळांत त्यांची दारू पेटत होती, यावरून किल्ल्यावर ऊन पडेल त्या दिवशीं मडकीं बाहेर निघत असलीं पाहिजेत असा तर्क करण्यास हरकत नाहीं. खाफीखान ही बाब सांगत नाहीं. मोगल छावणींत सोन्याचा नाग घेऊन आलेल्या मांत्रिकाची गोष्ट मात्र तो चवीनें सांगतो. बखरकारांचेंहि असेंच आहे. तेल देणाऱ्या हातांना इतिहासांत जागा मिळत नाहीं.

पुढें यंत्रें सुधारलीं, तरी हा प्रश्न मिटला नाहीं. १८३४ सालीं इंग्रजांनीं वुलिच येथें सहा हजार बार काढून पाहिले, तेव्हां चकमकीची बंदूक ९२२ वेळां चुकली आणि टोपीची अवघी ३६ वेळां. टोपीनें पावसाची भीति घालविली, काजळीची नाहीं. आज पेंटबॉल नांवाच्या खेळांत रंगाच्या गोळ्या उडविणारें जें इलेक्ट्रॉनिक हत्यार वापरतात, त्यांत दारू मुळींच नसते. झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठीं हें साधन अमेरिकेंत निघालें, म्हणून त्याला अद्यापि मार्करच म्हणतात. १९८१ सालीं तेथेंच त्याचा खेळ झाला. विजेरीच्या बळावर एक झडप क्षणभर उघडते आणि दाबलेली हवा गोळीला ढकलते. गोळी जागेवर आली कीं नाहीं हें पाहण्यास प्रकाशाचा एक डोळा बसविलेला असतो. पण गोळी नळींत फुटून तो डोळा रंगानें माखला, रबरी कड्यांवरील वंगण सुकून हवा झिरपूं लागली किंवा विजेरी क्षीण झाली, कीं खेळाडू मैदानांत उभाच राहतो. खेळ संपतांच नळी पुसणें, डोळा स्वच्छ करणें, कड्यांना वंगण देणें हीं कामें त्यालाहि चुकलीं नाहींत. कुंचा आणि तेल-मेण अमात्यांच्या यादींतहि होतेंच.

रामसेज अखेर १६८७ सालीं मोगलांच्या हातीं गेला तो तोफा थकल्या म्हणून नव्हे. किल्लेदाराला फितूर करून त्यांनीं तो घेतला. १८१८ सालीं त्र्यंबकगड पडल्यावर इतर किल्ल्यांबरोबर तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्या लांकडी तोफांपैकीं एकहि आज गडावर नाहीं. खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं तेवढीं आहेत.