आईच्या चेहऱ्यावरच्या मुंग्या

कॅमेऱ्याविषयीचं माझं ज्ञान ‘आधी झाकण काढावं’ इथवर येऊन थांबतं. तेही एका बारशाचे सगळे फोटो काळे आल्यावर मिळवलेलं. त्यामुळे पुतण्या नवा कॅमेरा घेऊन सेलू तालुक्यातल्या आमच्या घरी आला, तेव्हा मी आदरानं लांब उभा राहिलो.

त्याला आजीच्या ओव्यांचा व्हिडिओ करायचा होता. आई शहाऐंशी वर्षांची. गल्लीत गिरणी असूनही डाळ पहाटे चारला माजघरात बसून स्वतः भरडते. जातं फिरल्याशिवाय तिला ओवी आठवत नाही, आणि उजाडल्यावर ती जात्याला हात लावत नाही. ‘‘उन्हं वर येईस्तोवर दळायला मी काय आळशी हाय का रे?’’

आयएसओ जितका कमी तितका नॉइज कमी, असं पुतण्यानं कुठंतरी वाचलं होतं. त्यानं तो १०० वर ठेवला. चित्रात अंधार आला. मग कॉम्प्युटरवर उजेड वाढवला, तर आईच्या चेहऱ्यावर मुंग्याच मुंग्या. ओवी स्पष्ट, पण म्हणणारी वारुळात.

माणूस तंत्रात नापास झाला की इतिहासात शिरतो. मीही शिरलो.

दादासाहेब फाळक्यांच्या वेळी फिल्म इतकी मंद होती, की वाढवायला आकडाच नव्हता. १९१३ साली आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला उन्हात चित्रित झाला. राजवाडासुद्धा दिवसाच, तारामतीसुद्धा दिवसाच (ती साळुंके नावाचा पुरुष होती, पण ते उजेडातही खपलं). कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या ‘सिंहगड’साठी कृत्रिम दिवे लावले. दोघांनीही उजेडाकडे जायचं किंवा उजेड आणायचा, एवढंच केलं.

पुढं वेगवान फिल्म आल्या. पण वेग हवा तर चांदीच्या क्षारांचे कण मोठे हवेत, आणि ते चित्रात रव्यासारखे दिसायचे. हा वेग मोजायला जर्मनांनी १९३४ मध्ये ‘डिन’ काढलं, अमेरिकनांनी १९४३ मध्ये ‘एएसए’. डिनमध्ये तीननं वाढलं की एएसएमध्ये दुप्पट. म्हणजे २१ चे १००, २४ चे २००. सासरमाहेरच्या मापांसारखा घोळ! १९७४ मध्ये दोन्हींचं लग्न लावून आयएसओ झालं. आमच्या लहानपणी पूर्व जर्मनीचे ‘ऑर्वो’चे रोल मिळत. फोटोग्राफर पहिला प्रश्न विचारी, ‘‘घरात काढणार की अंगणात?’’ पुतण्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आताच्या कॅमेऱ्यात कण नाहीत, पण उजेडच थेंबाथेंबानं येतो. पहिल्या पावसाचे चार थेंब अंगणात पडले की कुठं ओलं, कुठं कोरडं. तशा या मुंग्या. आयएसओ थेंब वाढवत नाही, पडलेले मोठे करून दाखवतो. फोटोत झडप हवी तितका वेळ उघडी ठेवता येते. व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला फार तर एक पंचविसांश सेकंद. शिवाय फाईल दाबून साठवताना काळोखातले बारकावे आधीच गळतात. मागाहून उजेड वाढवला तरी ते परत येत नाहीत.

जातं जमिनीत पक्कं, आईची वेळ त्याहून पक्की. तिसऱ्यांदा बसणार नाही, हे तिनं आधीच बजावलं होतं. दुसऱ्या पहाटे पुतण्यानं लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं, चाळीसच्या बल्बऐवजी मोठा दिवा लावून त्याचा उजेड पांढऱ्या धोतरावरून आईवर पाडला, आणि छातीवर दगड ठेवून आयएसओ १६०० केला.

थोडा रवा दिसतो. पण आई दिसते, खुंट्यावरचा हात दिसतो, ओवी अडली की मिटणारे डोळे दिसतात.

आईनं ते सगळं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘एवढं दिसणार व्हतं तर आधी सांगायचं न्हाई का रे? भिंतीला पोतेरं तरी दिलं असतं.’’